खांद्याचा घसारा

खानदेशातला उन्हाळा हा बोलायचा विषय नाही, सोसायचा आहे. पारा पंचेचाळीसच्या घरात गेला की जळगाव, भुसावळ, धुळे, अमळनेर या गावांतले रस्ते दुपारी बारालाच ओस पडतात आणि माणसे कूलरसमोर आडवी होतात. सकाळ-संध्याकाळ गजबज असते ती पोहण्याच्या तलावावर. परीक्षा आटोपलेली मुले तिथे शिबिरासाठी लोटतात. एप्रिलमध्ये पाण्याकडे पाहून रडणारे पोर मेअखेर वरच्या फळीवरून उडी मारू लागते. त्या गर्दीत चार-दोन मुले मात्र वेगळी निघतात. पाण्यात शिरताच त्यांचे अंग लांबते, हात शांतपणे पडतो, पाणी उडत नाही. प्रशिक्षकाच्या ते लक्षात येते. तो वडिलांना बाजूला घेतो आणि सांगतो, "याला सोडू नका. हा जिल्हा मारेल." त्या दिवसापासून त्या मुलाचे पोहणे ही त्याची एकट्याची गोष्ट राहत नाही. आईचा पहाटेचा डबा, वडिलांची मोटारसायकल, शाळेचा फलक आणि नातेवाइकांची चौकशी, सगळे त्या दोन हातांवर येऊन बसते.

हे हात ज्या खांद्यांतून फिरतात, त्या खांद्यांबद्दल आज लिहायचे आहे. आपल्याकडे पदके मोजली जातात, सेकंद मोजले जातात, सेकंदाचा शंभरावा भागही मोजला जातो. खांद्याने किती काम केले, याची नोंद मात्र बहुतेक कुठे नसते.

माझी उमेद बँकेत गेली. खानदेशातल्या शाखांमधून मी पंप, ट्रॅक्टर, केळीचे ठिबक अशा कर्जांची प्रकरणे केली. त्या नोकरीने एक शब्द कायमचा डोक्यात बसवला : घसारा. यंत्र वापरले की झिजते. म्हणून दरवर्षी त्याची किंमत काही टक्क्यांनी कमी धरायची आणि तेवढी रक्कम नफ्यातून बाजूला काढायची. जो व्यापारी घसारा दाखवत नाही त्याचा ताळेबंद पहिली तीन-चार वर्षे फार देखणा दिसतो. मग एके दिवशी यंत्र बंद पडते आणि दुरुस्तीला पैसा नसतो. आपल्या जिल्ह्या-जिल्ह्यांतले स्पर्धात्मक पोहणे मला अशा देखण्या ताळेबंदासारखे दिसते.

खांदा ही निसर्गाने केलेली एक तडजोड आहे. मांडीचे हाड कमरेच्या खोल वाटीत घट्ट बसलेले असते, म्हणून ते वजन पेलते. पण फिरते बेताने. दंडाच्या हाडाचा गोळा मात्र एका उथळ बशीवर नुसता टेकलेला असतो. त्यामुळे हात वर जातो, मागे जातो, पाठ खाजवतो, झाडावरचा आंबा काढतो. या मोकळेपणाची किंमत म्हणजे सांधा मुळातच अस्थिर असतो. गोळ्याला बशीवर धरून ठेवण्याचे काम चार लहान स्नायू आणि त्यांच्या कंडरा करतात. डॉक्टर त्यांना मिळून 'रोटेटर कफ' म्हणतात. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. या चारांपैकी वरची, सुप्रास्पायनेटस नावाच्या स्नायूची कंडरा हाडाच्या एका छपराखालून, अरुंद जागेतून जाते. हात डोक्यावर गेला की ती जागा आणखी चिंचोळी होते. पोहणाऱ्याचा हात तर प्रत्येक फेकीला डोक्याच्या वर जातो.

आता हिशोब करू. पंचवीस मीटरच्या तलावात मुक्त शैलीने एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाताना बारा-तेरा वर्षांचे मूल प्रत्येक हाताने साधारण दहा वेळा पाणी ओढते. तीन किलोमीटरचा सराव म्हणजे अशा एकशेवीस खेपा. प्रत्येक खांद्याचे बाराशे फेरे. आठवड्याचे सहा दिवस धरले तर सात हजार दोनशे. उन्हाळ्याच्या आठ आठवड्यांत सत्तावन्न हजार सहाशे. हा झाला शिबिरातला सराव. मोठ्या शहरातल्या राष्ट्रीय पातळीवरच्या जलतरणपटूचे आठवड्याचे अंतर याच्या दुपटीहून जास्त असू शकते. पळणाऱ्याचे पाय जमिनीला रेटतात. मुक्त शैलीत पोहणाऱ्याला पुढे नेणारे बळ बहुतांशी हातांतून येते, म्हणजे त्याचे पाय जणू खांद्याला जोडलेले असतात.

केनेडी आणि हॉकिन्स या दोन डॉक्टरांनी १९७४ साली या दुखण्याला 'स्विमर्स शोल्डर', पोहणाऱ्याचा खांदा, असे नाव दिले. पुढे नुसत्या नावाने भागेना, कारण त्या एका नावाखाली अनेक दुखणी निघाली : कंडरेची झीज, सांध्याचा सैलपणा, दंडाच्या पुढच्या स्नायूच्या कंडरेची सूज, मानेतून उतरणारी कळ. २०१० साली प्रसिद्ध झालेला ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास या विषयात वारंवार उद्धृत होतो. तेरा ते पंचवीस वर्षांचे ऐंशी अव्वल जलतरणपटू त्यात तपासले गेले. त्यांच्यापैकी ९१ टक्क्यांनी खांदा दुखतो असे सांगितले. बावन्न जणांच्या खांद्यांचे एमआरआय काढले तेव्हा ६९ टक्क्यांच्या सुप्रास्पायनेटस कंडरेत बिघाड दिसला. आठवड्याला पंधरा तासांहून जास्त पोहणाऱ्यांत हा बिघाड असण्याची शक्यता दुप्पट, आणि पस्तीस किलोमीटरहून जास्त पोहणाऱ्यांत चौपट निघाली. जन्मतःच सांधे सैल असण्याशी मात्र या बिघाडाचा संबंध सापडला नाही. 'याची हाडेच नाजूक' असे सांगून मोकळे होणाऱ्यांनी हे ध्यानात घेण्यासारखे आहे. मूळ कारण बरेचसे पोहण्याच्या अंतरात होते.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते ती जास्त महत्त्वाची. सराव जितका वरच्या पातळीचा, तितकी ती कंडरा जाड झालेली आढळली. एरवी आपण याला शरीराची कमाई म्हणू. हमालाच्या खांद्याला घट्टे पडतात, विणकराची बोटे राठ होतात. काम शरीराला आपल्या मापाचे करून घेते. पोहणाऱ्याचेही तसेच. छाती रुंद होते, पाठ पंख्यासारखी उघडते, हात मागे अधिक फिरू लागतो. पण जाड झालेली कंडरा त्याच अरुंद जागेतून जाणार असते, आणि ज्यांच्या कंडरा अशा जाडावल्या होत्या त्यांच्यातच बिघाड सापडला. कमाई कुठे संपली आणि झीज कुठे सुरू झाली, याची रेषा बाहेरून दिसत नाही. ज्या रुंद खांद्यांकडे पाहून आपण पोराची दृष्ट काढतो, त्याच खांद्यांत ही रेषा ओलांडली गेलेली असू शकते.

स्नायूंचा तोलही असाच बिघडतो. पाणी ओढताना हात आत फिरवणारे छातीचे आणि पाठीचे मोठे स्नायू रोज तालीम करतात. हात बाहेर फिरवणारे लहान स्नायू तेवढे वाढत नाहीत. मोठे लहानांना ओढत राहतात आणि खांदे पुढे झुकतात. वर शाळेचा बाक आणि हातातला मोबाइल यांची वाकही त्याच दिशेची! मग पाठीवरचे ते पसरट त्रिकोणी हाड, ज्याच्यावर सगळा खांदा तोललेला असतो, आपली जागा सोडून चुकीच्या चालीने हलू लागते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अठ्ठ्याहत्तर जलतरणपटू घेतले होते. सरावाला सुरुवात करताना त्यांच्यापैकी कोणाचाही खांदा दुखत नव्हता आणि चाल ठीक होती. एकाच सरावाच्या अखेरीस त्यांच्यापैकी ८२ टक्क्यांच्या या हाडाची चाल बिघडलेली दिसली. दुखत कोणालाच नव्हते. थकलेला स्नायू हाडाला धरून ठेवू शकत नव्हता, एवढेच. म्हणजे दुखणे ही खांद्याची शेवटची नोटीस असते. पहिली नोटीस फक्त पाठीमागे उभे राहून पाहणाऱ्याला दिसते. सरावाचे शेवटचे पाचशे मीटर चालू असताना किती प्रशिक्षक तशी नजर ठेवतात? बहुतेकांचे डोळे तेव्हा घड्याळावर असतात.

इथवर जे सांगितले ते मेलबर्नला लागू आहे, तसेच मुंबईलाही. खानदेशाची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि एका अर्थाने जास्त काळजीची आहे. आपल्या मुलांचे वर्षाचे एकूण अंतर ऑस्ट्रेलियाच्या मुलाच्या जवळपासही जात नाही. मग त्यांच्या खांद्याला काय होणार, असे कोणीही विचारील. अडचण त्या अंतराच्या वाटणीत आहे.

आपल्याकडचे बहुतेक तलाव उघडे आहेत आणि पाणी गरम करण्याची सोय नाही. पावसाळ्यात पाणी गढूळ, डिसेंबर-जानेवारीत बर्फासारखे. त्यात आपला भाग पाण्याच्या टंचाईचा. धुळ्याने नळाला कित्येक दिवसांआड पाणी येण्याची वर्षेच्या वर्षे काढली. जळगावातही रोज पाणी ही चैन मानली गेली. टंचाईच्या वर्षी प्यायला टँकर की पोहायला तलाव, असा प्रश्न उभा राहिला तर उत्तर ठरलेले असते, आणि ते योग्यच असते. परिणाम असा, की खरे पोहणे मार्च ते जून. बाकीचे महिने थोडेफार किंवा काहीच नाही. जो खांदा सहा महिने वहीच्या ओझ्यापलीकडे काही उचलत नव्हता, त्याच्यावर एकदम आठवड्याला सात हजार फेरे येतात. कंडरेला रक्ताचा पुरवठा बेताचा असतो. स्नायू काही आठवड्यांत जोर धरतो, कंडरा सावकाश तयार होते. म्हणून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मुलाला आपण जोरात आहोत असे वाटत असते, वेळही सुधारत असते, आणि नेमकी तेव्हाच दोरी तंतूतंतूने उसवू लागते. शालेय जलतरण स्पर्धा साधारण पावसाळ्यात आणि त्याच्या पुढेमागे होतात. मुलगा मधल्या खंडानंतर आठ-दहा दिवस जिवावर उदार होऊन सराव करतो, जिल्ह्यात पहिला येतो, विभागासाठी नाशिककडे जातो. खांद्याला हा दुसरा धक्का.

पूर्वीची पोरे विहिरीत पोहायला शिकत. पाठीला सुका भोपळा नाहीतर पत्र्याचा रिकामा डबा बांधून मोठा भाऊ ढकलून द्यायचा. मीही असाच शिकलो. आमचे खांदे दुखल्याचे आठवत नाही, कारण आम्ही अंतर असे कापतच नव्हतो. उड्या मारायचो, बुड्या घ्यायचो, कठड्याला धरून गप्पा मारायचो. त्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. विहिरींनी आणि तापी-गिरणेच्या डोहांनी किती मुले गिळली, हे गावोगाव ठाऊक आहे. तलाव आले, शिबिरे आली, शिकवणारा माणूस आला, हे चांगलेच झाले. फरक इतकाच, की तेव्हा एकाच हालचालीचे हजारो फेरे नव्हते. आता आहेत, म्हणून आता हिशोब हवा.

या हिशोबाच्या आड पहिली येते ती आपली दुखण्याकडे पाहण्याची रीत. मुलगा म्हणतो, खांदा दुखतो. वडील म्हणतात, "काही व्हत नही, भो." आजी मोहरीचे तेल कोमट करते. प्रशिक्षक स्प्रे मारतो. औषधांच्या दुकानात वेदनाशामक गोळी मागितली की मिळते. हे आपल्याच मागासपणाचे लक्षण समजू नये. अमेरिकेतल्या तेरा ते अठरा वर्षांच्या क्लबमधल्या जलतरणपटूंची २०१३ साली पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा दहांतील सातांहून अधिक मुले सरावासाठी वेदनाशामक गोळ्या घेत असल्याचे निघाले; जवळजवळ निम्मी आठवड्यातून एकदा किंवा जास्त. दुखणे हा खेळाचाच भाग आहे, असे त्या मुलांनाही वाटत होते. दमलेल्या स्नायूचा ठणका आणि सांध्यातली कळ यांत फरक असतो. पहिला दोन्ही बाजूंना सारखा असतो आणि एक-दोन दिवसांत जातो. दुसरी एका जागी बोट ठेवून दाखवता येते, हात वर नेताना येते, रात्री त्या कुशीवर झोपू देत नाही. हा फरक बारा वर्षांच्या मुलाला पाच मिनिटांत शिकवता येतो. आपण त्याला तो शिकवत नाही, कारण उत्तर ऐकायची आपलीच तयारी नसते.

तयारी का नसते, हेही समजून घेतले पाहिजे. पालकांना मूर्ख किंवा निर्दय ठरवून हा प्रश्न सुटणार नाही. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. कापसाला भाव नाही, केळीवर करपा, अशा घरात मुलाचा दंड हीच मालमत्ता वाटू लागते. आणि समोर उदाहरणही आहे. कोल्हापूरचा वीरधवल खाडे सोळा वर्षांचा असताना २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला गेला. २०१० साली ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये त्याने ब्राँझ मिळवले. आशियाई स्पर्धेत जलतरणाचे पदक भारताला चोवीस वर्षांनी मिळत होते. राज्य शासनाने त्याला तहसीलदार केले. मुंबई-पुण्याबाहेरचा एक मराठी मुलगा पोहून तहसीलदार होतो, ही बातमी पारोळ्यातल्या, साक्रीतल्या बापाने काळजात जपून ठेवली तर त्यात त्याचे काय चुकले? मात्र त्याच वीरधवलची पुढची हकिगतही वाचायला हवी. नोकरीमुळे त्याच्या सरावात मोठा खंड पडला. २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत ५० मीटर मुक्त शैलीत त्याचे पदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने गेले. एवढ्या गुणी माणसालाही आपण सलग, संथ, वर्षानुवर्षांची तयारी देऊ शकलो नाही. आपली व्यवस्था यश मिळाल्यावर बक्षीस देते. यश येईपर्यंतच्या दहा वर्षांत खांदा शाबूत ठेवण्याची तरतूद तिच्यात नसते.

ज्यांच्याकडे सगळी तरतूद असते त्यांनाही खांदा सोडत नाही. अमेरिकेच्या मिसी फ्रँकलिनने सतराव्या वर्षी, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदके मिळवली. २०१७ च्या सुरुवातीला तिच्या दोन्ही खांद्यांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि २०१८ च्या डिसेंबरात, तेविसाव्या वर्षी, खांद्यांच्या न थांबणाऱ्या दुखण्यामुळे तिने निवृत्ती घेतली. तेवीस हे आपल्याकडे पदवीनंतर नोकरीचे अर्ज भरण्याचे वय!

दुसरे उदाहरण आपल्या देशातले आणि दिलासा देणारे आहे. केरळच्या सजन प्रकाशला खांद्यात आणि हातात त्रास होऊ लागला, तो मानेच्या मणक्यांतली गादी सरकल्याने. योग्य निदान झाले, संयमाने उपचार झाले, आणि जून २०२१ मध्ये रोममध्ये २०० मीटर बटरफ्लाय १ मिनिट ५६.३८ सेकंदांत पोहून ऑलिंपिकची 'अ' पात्रता गाठणारा तो पहिला भारतीय जलतरणपटू ठरला. खांद्याचे दुखणे प्रत्येक वेळी खांद्याचेच असते असे नाही, हा त्यातला धडा. मालिशवाल्याच्या हाती दिलेल्या पोराचे दुखणे नेमके कुठले, हे कोण ठरवणार?

मुरलीकांत पेटकरांचे नाव इथे घेतलेच पाहिजे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून पायांतले बळ गमावून बसलेल्या या मराठी जवानाला उपचार म्हणून पाण्याची गोडी लागली, आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर मुक्त शैलीत त्यांनी भारताला पहिले पॅरालिंपिक सुवर्ण मिळवून दिले. पाणी शरीराला सावरू शकते, याचा यापेक्षा मोठा दाखला नाही. पण चाकाची खुर्ची वापरणाऱ्या जलतरणपटूचे खांदे पाण्याबाहेरही त्याचे पाय असतात. दिवसभर खुर्ची ढकलायची, पलंगावरून उतरायचे तेही हातांवर, आणि मग सराव. त्याचा खांदा गेला तर नुसता खेळ जात नाही, स्वयंपाकघरापासून संडासापर्यंतचे स्वातंत्र्य जाते. अपंग खेळाडूंच्या यशाचे हार-तुरे आपण उदारपणे करतो. त्यांच्या खांद्याचा हिशोब तर दुप्पट काटेकोर हवा.

आता मर्यादेचा प्रश्न. आपल्या बाजारपेठांत एके काळी शंभर किलोचे पोते माणसाच्या पाठीवर चढत असे. ते पन्नासवर आणा, यासाठी हमालांना लढावे लागले. १९६९ साली माथाडी कायदा झाला. काबाडकष्टाच्या शरीरालाही मर्यादा असते, ही गोष्ट महाराष्ट्राने इतर राज्यांच्या आधी मान्य केली. तो हमाल प्रौढ होता आणि त्याच्या मागे संघटना होती. तलावातले पोर बारा वर्षांचे असते, त्याची हाडे वाढत असतात, आणि त्याने किती ओढायचे हे त्याच्यावर सर्वाधिक प्रेम करणारी माणसे ठरवत असतात.

जगात इतर ठिकाणी अशी मर्यादा घालून झाली आहे. अमेरिकेच्या लिटल लीग बेसबॉलमध्ये २००७ पासून चेंडू फेकण्याची मोजणी सक्तीची झाली; अकरा-बारा वर्षांच्या मुलाने दिवसाला पंच्याऐंशीच फेकायचे, पुढे ठरलेले दिवस विश्रांती. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने लहान वेगवान गोलंदाजांसाठी वयानुसार षटके बांधून दिली. लांब पल्ल्याच्या पोहण्यातही तसेच झाले. १९८८ साली थॉमस ग्रेगरी हा अकरा वर्षांचा मुलगा इंग्लिश खाडी पोहून गेला. १९९४ साली आपली रूपाली रेपाळे शाळकरी वयात ती पोहली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने तिचे कौतुक केले, आणि त्या धैर्याचे मोल आजही कमी होत नाही. पण पुढे खाडी पोहण्यासाठी किमान वय सोळा ठरवण्यात आले. आपल्याकडे मात्र 'सर्वांत लहान' या शब्दांची भूल अजून उतरलेली नाही. अमुक वर्षांच्या चिमुकल्याने अमुक तास पोहून विक्रम केला, अशी बातमी आली की आपण सत्काराला शाल घेऊन निघतो. दुसऱ्या दिवशी त्या चिमुकल्याला शर्टाची बाही घालता आली का, हे विचारायला कोणी जात नाही.

प्रशिक्षकांची बाजूही आहे, आणि ती ऐकली पाहिजे. ते म्हणतात, अंतर कापल्याशिवाय दम येत नाही. मोजूनमापून पोहणाऱ्यांतून विजेता निघत नाही. यात तथ्य आहे. शरीराला भार दिल्याशिवाय ते बदलत नाही, आणि भाराला घाबरणारा खांदाही दुबळाच राहतो. शिवाय एकाच भाराला दोन मुले सारखी उत्तरे देत नाहीत. त्यामुळे 'अमुक किलोमीटर सुरक्षित' असा एकच आकडा सर्वांना लावता येत नाही. पण हाच तर नोंदीच्या बाजूचा मुद्दा आहे. प्रत्येकाचा आकडा वेगळा असेल, तर प्रत्येकाची वही वेगळी हवी. आणि भार किती, याहून तो किती झपाट्याने वाढवला, हा प्रश्न आपल्या चार महिन्यांच्या हंगामात जास्त मोलाचा आहे.

मग करायचे काय? कोट्यवधींचे बंदिस्त, ऊबदार तलाव उद्याच होणार नाहीत. पण पुढच्या गोष्टींना फारसा पैसा लागत नाही. शंभरपानी वहीत रोज तीन रकाने भरायचे : किती पोहलो, किती दमलो, कुठे दुखले. मार्चमध्ये थोड्या अंतराने सुरुवात करून दर आठवड्याला बेताबेताने वाढवायचे. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी. तलाव बंद असलेल्या महिन्यांत रबरी पट्टा दाराच्या कडीला बांधून हात बाहेर फिरवायचा व्यायाम, भिंतीला टेकून जोर, पाठीच्या वरच्या भागाचे ताण. रोज वीस मिनिटे, म्हणजे उन्हाळ्यात खांदा कोरा राहणार नाही. हातात घालायची प्लास्टिकची पॅडल लहान मुलांना देऊ नयेत. ती प्रत्येक फेऱ्याचा भार वाढवतात. खांदा दुखत असताना हात लांब ताणून फळी धरायला लावून 'आज फक्त पाय मार' म्हणणे हीही विश्रांती नव्हे. त्या अवस्थेत कंडरा तशीच चिमटलेली असते. हात पाण्यात शिरताना अंगठा आधी जातो का, तो डोक्याच्या रेषेपलीकडे जातो का, मूल कायम एकाच बाजूला श्वास घेते का, या तीन गोष्टी काठावरून डोळ्यांनी दिसतात आणि सुधारताही येतात.

सरकारी यंत्रणेकडूनही मागणे माफक आहे. जळगावात फिजिओथेरपीचे महाविद्यालय आहे, धुळ्यात आणि जळगावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. जिल्हा क्रीडा कार्यालयाने त्यांच्याशी बोलून उन्हाळ्याच्या हंगामात पंधरवड्यातून एक सकाळ तलावावर तपासणी ठेवली, तर विद्यार्थ्यांना शिकायला मिळेल आणि मुलांचे खांदे वेळेत पाहिले जातील. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील शालेय स्पर्धांच्या प्रवेशअर्जाला मागच्या आठ आठवड्यांच्या सरावाची नोंद जोडणे सक्तीचे केले, तर ऐनवेळी आठ दिवसांत मूल 'तयार' करण्याची लाज तरी वाटू लागेल. आणि जिल्ह्याच्या सत्कारात 'सर्वांत लहान' या विशेषणाऐवजी 'सलग पाच वर्षे पोहणारा' याला शाल दिली, तर पालकांना वेगळा निरोप जाईल.

यंत्र आणि शरीर यांत शेवटी एक फरक आहे, आणि तो आपल्या बाजूचा आहे. ट्रॅक्टर शेडमध्ये उभा ठेवला म्हणून त्याचा पिस्टन भरून येत नाही. मुलाची कंडरा मात्र वेळ दिला तर सावरते, दमदार होते, पुढच्या वर्षी आणखी भार मागते. बँकेत आम्ही कर्जदाराला सांगत असू, की हप्ता थकायच्या आत येऊन बोला, काही ना काही वाट निघते. खांद्याचेही तसेच आहे. येत्या हंगामात तलावाच्या काठावर जे आई-बाप उभे राहतील त्यांनी मुलगा बाहेर आल्यावर वेळ किती लागली हे जरूर विचारावे. पण आधी त्याला दोन्ही हात डोक्यावर नेऊन दाखवायला सांगावे, आणि त्या वेळी त्याच्या चेहऱ्याकडे पाहावे.